बरं असण्याचं पान

मंगळवारी दुपारी लेकीचा फोन आला. तो ठेवल्यावर मेरेआना सरळ कोठीच्या खोलीत गेली, दार लावून घेतले, पिठाच्या डब्याशेजारी उकिडवी बसली आणि भांडी पुसायचे फडके तोंडात कोंबून पोट दुखेपर्यंत हसली. मग डोळे पुसले, चेहरा होता तसा सरळ केला आणि हातात कांद्यांची पिशवी घेऊन बाहेर आली. कोणी विचारलेच तर कांदे आणायला गेले होते, असे सांगता आले पाहिजे.

स्वयंपाकघरात डेसमंड बटाटे सोलत होता. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस आयुष्यभर मेंढ्या भादरत आला होता, आणि बटाटासुद्धा मेंढी दाबून धरावी तसाच दोन गुडघ्यांमध्ये धरायचा.

"डोळे लाल का तुझे?" त्याने विचारले.

"कांदे."

"अजून चिरले नाहीस."

"आधीच घाबरले डोळे."

डेसमंडने सुरी खाली ठेवली. "मेरे, दार लावून हसत होतीस तू. माझ्या डोक्यातला मुकादमसुद्धा म्हणाला, आत कोणीतरी फुटलंय."

डेसमंडच्या डोक्यात गेली तीस वर्षे एक मुकादम राहत होता. पूर्वी तो शिव्या द्यायचा, रात्रंदिवस ओरडायचा. आता औषधाने आणि सवयीने मऊ पडला होता. चहा पांचट झाला, मोजे उलटे घातले, असल्या तक्रारी करायचा. काही वेळा त्याचे बरोबरही असायचे.

"काहूचा फोन होता," मेरेआना हळूच म्हणाली. "शनिवारी येतेय. मानायाला घेऊन."

 डेसमंडने नुसता एक बटाटा उचलला आणि तिच्या हातात दिला, जणू पेढाच.

चार वर्षांपूर्वी मेरेआनाचा आजार असा चढला होता की तिने काहूची गाडी पेट्रोलपंपावर भेटलेल्या एका नव्या जोडप्याला आहेर म्हणून देऊन टाकली. गाडी आठवड्याने परत मिळाली. लेक मात्र परतली नाही. नंतर काहूला मुलगी झाली, मानाया, ती चालू लागली, बोलू लागली, आणि आजीने तिला फक्त फोटोत पाहिले. आता काहूने कळवले होते: तुझे स्वतःचे घर झाले की येईन, त्या सहा जणांच्या घरात लेकराला आणणार नाही.

आणि घर मिळत होते. शुक्रवारी सकाळी दहा वाजता नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन किल्ली घ्यायची. कासलक्लिफला, समुद्राजवळ, दोन खोल्या. शुक्रवारी घेतली नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, हे कचेरीने पत्रात ठळक अक्षरांत लिहिले होते.

मग एवढ्या आनंदाच्या बातमीवर कोठीत लपून का हसायचे? तर त्या घराच्या रीतीमुळे.

कोवाई घरात राहणाऱ्या सगळ्यांना मनाचा मोठा आजार होता. इस्पितळातून निघाल्यावर एकदम एकटे राहणे जमत नाही, म्हणून हा मधला मुक्काम. सकाळी नदीकाठी चालायचे, पाळीपाळीने रांधायचे, गोळ्या आपल्या हाताने घ्यायच्या, झोपेचे तास लिहायचे आणि हळूहळू आपल्या घराच्या वाटेला लागायचे. जेवणघराच्या भिंतीवर एका घराचे चित्र काढले होते. त्याच्या चार भिंतींवर लिहिले होते: शरीर, मन, आपली माणसे, आत्मा. एक भिंत खचली तरी घर कलते, हे तिथे सगळ्यांनाच पाठ होते.

आणि प्रत्येकाची एक वही होती. बरे असताना प्रत्येकाने तिच्यात लिहून ठेवायचे, की आपला आजार परत येऊ लागला तर तो कसा ओळखावा. आजारी मेरेआना जगात कोणाचे ऐकत नाही. पण बऱ्या मेरेआनाने लिहिलेले कदाचित ऐकेल, असा त्यामागचा हिशेब. तेव्हा मेरेआनाने स्वतःच्या हाताने लिहिले होते: मी चढू लागले की पहाटे उठून कपाटे उपसते. वस्तू वाटत सुटते. माणसांवर गाणी रचून म्हणते. मोठाले बेत करते. यातल्या तीन खुणा एका आठवड्यात दिसल्या की बैठक बसायची. आणि बैठक बसली की घर बदलणे सहा आठवडे पुढे.

म्हणून मेरेआनाने ठरवले: शुक्रवारी दहापर्यंत खूश दिसायचे नाही.

बुधवारी ती न्याहरीला मान खाली घालून बसली. कोणी थट्टा केली तर "हं" म्हणाली. खिडकीबाहेर बघत राहिली. शाळेची बस वीस वर्षे हाकलेली बाई, गप्प बसणे तिला गाडी उलटी चालवण्यापेक्षा अवघड. तरी दुपारपर्यंत तिने निभावले.

दुपारी फर्गस तिच्या समोर येऊन बसला. फर्गस तीन आठवड्यांपूर्वी कामाला आला होता. पस्तिशीचा, तांबूस दाढीचा, स्वभावाने अगदी सालस. आधीच्या ठिकाणी एका माणसाच्या खुणा सगळ्यांनी पाहिल्या होत्या आणि कोणीच लिहिल्या नव्हत्या. त्या माणसाचे पुढे फार वाईट झाले. तेव्हापासून फर्गस सगळे लिहायचा. त्याच्या काखेत कायम एक टॅब असे. घरातले लोक त्याला पाटी म्हणत.

"मेरेआना, तुम्ही ठीक आहात ना?"

"हं."

"जेवलात कमी. बोलत नाही आहात. खिडकीतून बघत बसलायत." त्याने पाटीवर बोट फिरवले. "तुमच्या वहीत दुसरा रकाना आहे. 'मी खाली जाऊ लागले की गप्प होते, जेवत नाही, खिडकीतून बघते.' तीनही आहेत, पण एकाच दिवसाच्या. मी उद्यापर्यंत थांबतो."

मेरेआना खुर्चीतून उठली, भाकरीचा मोठा तुकडा लोण्यात बुडवला, तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "पोरा, तुझी दाढी गंजलेल्या तारेच्या ब्रशासारखी दिसते."

फर्गसचा चेहरा उजळला. त्याने काहीतरी पुसले.

तर आता वर जायचे नाही आणि खालीही जायचे नाही. मधे राहायचे. मेरेआनाने उरलेला दिवस मध्यम काढला. मध्यम हसली, मध्यम जेवली, टीव्हीवरच्या बातम्यांना मध्यम हळहळली. संध्याकाळी डेसमंडला म्हणाली, "म्हाताऱ्या, इतकी दमले नव्हते मी कधी. लोक वर्षानुवर्षं असे कसे जगतात?"

गुरुवारी पहाटे पाचला तिला जाग आली. शनिवार आठवला आणि झोप उडाली ती उडालीच. उठलेच आहे तर सामान बांधू, असे म्हणून तिने कपाट उघडले. फर्गस सकाळची पाळी म्हणून लवकर आला होता. त्याला दारातून दिसले ते असे: पहाटेची वेळ, मेरेआना जमिनीवर, आणि भोवती उपसलेले कपाट.

"घर बदलायचं म्हणजे कपाट उपसावंच लागतं, पोरा."

"खरं आहे," फर्गस म्हणाला. "पण वहीत 'कारण असेल तर सोडून' असं लिहिलेलं नाही." आणि त्याने एक टिक केली.

न्याहरीच्या वेळी तिने विलिआमीला आपले एक पातेले दिले. विलिआमी टोंगा बेटांवरचा, दारातून आत यायला तिरपे व्हावे लागे एवढा थोराड माणूस. घरातला सगळ्यात चांगला स्वयंपाकी, आणि दिवसाला मोजून दहा वाक्ये बोलणारा. डेसमंडला तिने आपली छत्री दिली. "घे. हिच्या दोन काड्या मोडल्यात, तुझ्याही. शोभाल एकमेकांना."

मागे पाटीवर दुसरी टिक झाली. "आणखी एक झाली तर मला नर्स रुइहाला फोन करावा लागेल," फर्गस म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका दुःखी होता की तिलाच त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

तिसरी खूण तर ठरलेलीच होती. गुरुवारी संध्याकाळी निरोपाचे जेवण. जाणाऱ्याने उठून चार शब्द बोलायचे, आणि बोलणे संपले की गाणे म्हणायचे. गाण्याशिवाय भाषण म्हणजे अंगात सदरा आहे आणि खाली काही नाही, असे मेरेआनाची आई म्हणायची. आणि मेरेआनाने दुसऱ्याचे गाणे आयुष्यात कधी म्हटले नव्हते.

फर्गस बाहेर गेल्यावर टेबलाशी तिघेच उरले.

"गाऊ नकोस," डेसमंड म्हणाला.

"म्हणजे उघडी जाऊ?"

विलिआमीने टोस्टवर जॅम फासला, चारही कोपऱ्यांपर्यंत, आणि तो त्या दिवसाचे पहिले वाक्य बोलला. "आंटी, खुणा वाटून घेऊ."

"म्हणजे?"

"तुझ्या एकटीच्या आहेत म्हणून दिसतात. सगळ्यांच्या झाल्या तर कशा दिसतील?"

डेसमंडने त्याच्याकडे पाहिले. "पाच वर्षं मी समजत होतो की हा फक्त कोंबडीचा विचार करतो."

मग सकाळभर कोवाई घरात धुमाकूळ झाला, पण अगदी शांतपणे. विलिआमीने स्वयंपाकघरातली सगळी कपाटे उपसली आणि मसाल्यांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. मग रंगाप्रमाणे. मग परत उंचीप्रमाणे. डेसमंडने आपल्या चार टोप्या वाटून टाकल्या. एक पोस्टमनला, एक शेजारणीच्या कुत्र्याला, दोन फर्गसलाच. वर तो अंगणात उभा राहून दर येणाऱ्या-जाणाऱ्याला फिजोआ, ती पेरूसारखी हिरवी फळे, देऊ लागला. एप्रिल महिना, झाडाखाली फळांचा सडा पडलेला. त्या दिवसांत व्हांगानुई गावात ज्याच्या दारी झाड, तो पिशव्या भरून दुसऱ्याच्या दारी ठेवून पळतोच. डेसमंड पळत नव्हता, एवढाच फरक.

"डेसमंड, तुम्ही बऱ्याच वस्तू वाटताय," फर्गस म्हणाला.

"मन भरून आलंय."

"आणि मोठे बेत वगैरे?"

"उत्तर ध्रुवावर मेंढ्या नेणार आहे. त्यांना तिथे लोकर लागेल."

फर्गसने लिहिले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दुपारी त्याने रुइहाला फोन लावला तेव्हा मेरेआना दाराआड उभी होती. तिने पदरात तोंड दाबावे तसे बाहीत तोंड दाबले. "नाही, एक जण नाही," फर्गस सांगत होता. "सगळं घरच चढतंय. मला वाटतं हे लागण होण्यासारखं असावं. हो, संध्याकाळी या. जेवायलाच या."

चारच्या सुमारास सगळे नदीकाठी फिरायला गेले. मेरेआना आणि डेसमंड मागे राहिले. वाऱ्याने नदीवर बारीक सुरकुत्या पडत होत्या आणि मेरेआनाला हसू आवरत नव्हते. ती बोलत सुटली होती. फर्गसचा चेहरा, कुत्र्याच्या डोक्यावरची टोपी, आणि मग नवे घर. "पडदे पिवळे लावणार, देस. मग एक जुनी बस घेणार. शाळावाले जुन्या काढतात. दर रविवारी तुम्हा सगळ्यांना समुद्रावर नेईन. मग दुसरी बस घेईन. काहूला चालवायला देईन. गाडी गेली तर बस आली. मग नदीच्या उगमापासून..."

ती मधेच थांबली. पायही थांबले.

डेसमंड चार पावले पुढे गेला आणि परत आला. "उगमापासून काय?"

"देस, खरं सांग. मी चढतेय का?"

"हा सगळा आपला खेळ आहे ना?"

"खेळ होता. आत्ता जे बोलले ते खेळात नव्हतं." तिने छातीवर हात ठेवला. "इथे जे वाटतंय ना, ते मागल्या वेळीही असंच वाटत होतं. अगदी असंच. गाडी दिली तेव्हा मला वाटलं, इतकी बरी मी जन्मात कधी नव्हते."

डेसमंडने टोपी काढायला हात वर नेला, पण टोपी कुत्र्याकडे होती. त्याने डोके खाजवले.

"मला विचारतेस? ज्याच्या डोक्यात मुकादम आहे त्याला?"

"म्हणूनच विचारतेय. बाकीचे पुस्तकातून सांगतात."

"मागल्या वेळी मी बघितलं होतं," तो सावकाश म्हणाला. "इथेच, याच नदीवर. तू माझ्यावर गाणं केलंस, मी नदीचा राजा आहे म्हणून. मला आवडलं. कोणी मला राजा म्हटलं नव्हतं. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. आठ दिवसांनी तू गाडी दिलीस." तो नदीकडे बघत राहिला. "ती चूक माझी. आज मला काही कळत नाही, मेरे. तू छत्रीवरून मला घालूनपाडून बोललीस, ते तुझ्यासारखं वाटलं. बस घेणार म्हणालीस, ते कळलं नाही."

 मेरेआनाला शनिवार दिसत होता. दारात काहू, तिच्या कडेवर लेकरू. आणि त्याच्या मागे दुसरा एखादा शनिवार, चार महिन्यांनी, ज्यात ती हसत हसत कोणालातरी लेकराचे कपडे वाटून टाकते आहे.

"मीच आज बैठक बोलावते," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" डेसमंड म्हणाला, आणि मग आपणच ओशाळला. "किल्ली जाईल."

"जाईल तर जाईल. पण या वेळी काहूला 'मला कळलं नाही' असं सांगायचं नाही मला."

संध्याकाळी रुइहा आली. साठीची नर्स, हे घर तिनेच उभे केले होते. विलिआमीने शिंपल्यांचा रस्सा आणि आंबवलेल्या बटाट्याची भाकरी केली होती. प्रार्थना झाली, वाढून झाले, आणि फर्गसने पाटी टेबलावर ठेवली.

"विलिआमी, तीनदा कपाटं, तीन खुणा. डेसमंड, चार. मेरेआना, दोन, आणि आता गाणं..."

"थांब, पोरा," मेरेआना उठून उभी राहिली. "या दोघांच्या पुसून टाक. ते सोंग होतं. माझ्यासाठी केलं."

"दिवसभर राबलो आम्ही," डेसमंड पुटपुटला.

"माझ्या लिही. कपाट, वस्तू. गाणं केलंय, अजून म्हटलं नाही. आणि मोठा बेत, तो तुला माहीत नाही. नदीवर मी दोन बस घेतल्या. म्हणजे चार झाल्या. रुइहा, माझी बैठक लाव. मला माहीत नाही मी खूश आहे की आजारी आहे, आणि आज मला ते कळलंच पाहिजे."

 विलिआमीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

रुइहाने हात पुसले. "फर्गस, तिची वही आण. पाटी नको, कागदाची."

फर्गसने वही आणली. रुइहाने पहिले पान उघडले. वर छापले होते, 'मी बरी असते तेव्हा कशी असते.' खाली वीस ओळी रिकाम्या. पहिल्या ओळीवर मेरेआनाच्या अक्षरात एकच शब्द: बरी.

"डेसमंडची आण."

डेसमंडच्या पानावर लिहिले होते: ठीक. विलिआमीच्या पानावर माशाचे चित्र होते. बाकी तिघांची पाने तर कोरीच. आणि प्रत्येक पानाखाली, आठ वर्षांच्या वेगवेगळ्या तारखांना, रुइहाची सही.

रुइहाने आपल्या एका सहीवर बोट ठेवले. "हे पान मी बनवलं," ती म्हणाली. "सगळ्यात आधी ठेवलं, कारण सगळ्यात महत्त्वाचं. आणि आठ वर्षं रिकाम्या पानावर सह्या करतेय. आजाराची पानं बघा, समासात, मागे, आडवं-उभं, लिहायला जागा पुरली नाही. आणि बरं म्हणजे कसं, ते एकालाही लिहायला लावलं नाही मी." मग फर्गसकडे वळली. "तू बरोबर मोजलंस. पण कशाशी ताडून बघणार होतास? या यादीने एप्रिलमध्ये सगळं व्हांगानुई भरती करावं लागेल. तू स्वतः किती पिशव्या फिजोआ वाटल्यास?"

"तीन," फर्गस म्हणाला.

"पहाटे उठलास कितीला?"

"चारला. पण ते पाळीसाठी..."

"कारण असेल तर सोडून असं लिहिलेलं नाही," डेसमंड म्हणाला.

फर्गस हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. रुइहाने त्याच्या हातात पेन दिले. "लिही. आपण सगळे सांगू. आणि मेरे, नंतर तू. तुझं तुलाच पटलं पाहिजे."

विलिआमी सगळ्यांत आधी बोलला, आणि त्याने दिवसाची उरलेली वाक्ये एकदम खर्च केली. "आंटी आजारी होती तेव्हा तिने मला गळ्यातला हिरवा दगड दिला. तिच्या आईचा. मी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला, बरी झाल्यावर परत दिला. आज तिने मला पातेलं दिलं. त्याचं झाकण दोन वर्षं निघालेलं नाही. बरी असताना आंटी अडगळ देते. आजारी असताना काळीज देते."

फर्गसने लिहून घेतले. ही वाक्ये त्याने दोनदा वाचली.

"झोप?" रुइहाने विचारले.

"साडेपाच तास. दुपारपासून जांभया येतायत."

"मागल्या वेळी?"

"तीन दिवस डोळा लागला नव्हता, आणि थकवा म्हणून नव्हता."

"आता गाणं," रुइहा म्हणाली. "माझ्यासमोर."

मेरेआनाने घसा खाकरला. तिला जरा भीती वाटत होती, कारण गाणे फर्गसपासूनच सुरू होत होते आणि फर्गस समोरच बसला होता.

"फर्गस आमचा गुणी बाळ, हाती त्याच्या पाटी,
मांजर शिंकलं तरी टिक, दार वाजलं तरी टिक,
टिका करून बाळाच्या बोटांना आल्या गाठी.

डेसमंडने भादरली मेंढी, मेंढी घरी गेली,
आई म्हणाली, लेकी तुझी कोणी ही दशा केली?"

पुढे विलिआमीच्या घोरण्यावर एक कडवे होते आणि रुइहाच्या गाडी लावण्यावर दोन. ती दोन जरा तिखट होती. विलिआमी इतका हसला की टेबल पुढे सरकले. गाणे संपले तेव्हा डेसमंड खुर्चीत मागे रेलून बसला होता.

"राजा नाही या वेळी," तो म्हणाला. "मेंढीच्या आईने मला शिव्या घातल्या. लिही फर्गस. आजारी असताना तिची गाणी माणसाला देव करतात, आणि कोणी हसत नाही. बरी असताना ती लाज काढते."

"मुकादम काय म्हणतो?" रुइहाने विचारले.

"म्हणतो, यमक बरं होतं."

फर्गसने लिहिले: बरी असताना गाते. गाण्यात अपमान असतो. मग वर बघून त्याने विचारले, "आणि बस? त्या दोन बसचं काय लिहू?"

 सगळे मेरेआनाकडे बघू लागले.

"ती खरी खूण होती," ती म्हणाली. "पहिली बस थट्टेची होती. दुसरीला थट्टा संपली. पण मी थांबले. मागल्या वेळी थांबले नव्हते." तिने स्वतःच पेन घेतले आणि पानावर आपल्या अक्षरात लिहिले: बरी असताना मला शंका येते. मी लोकांना विचारते.

रुइहाने ती ओळ वाचली.  भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला, मग बोलली.

"बैठक झाली, असं लिही. सहा आठवडे पुढे ढकलायचं नाही. पण सोडतही नाही मी तुला, मेरे. आज रात्री झोप. पाच तासांच्या आत जाग आली तर कचेरीला मी स्वतः फोन करेन, आणि तू माझ्यावर कितीही कडवी केलीस तरी ऐकणार नाही. सकाळी आठला रक्त द्यायचं, औषधाचं प्रमाण बघायला. आणि नव्या घरी पंधरा दिवस रोज कोणीतरी येईल."

"कोण?"

"फर्गस."

"बघ, शिक्षा झालीच," मेरेआना म्हणाली.

झोप म्हणून सांगितले की कोणाला झोप येते? मेरेआनाने डावी कूस घेतली, उजवी घेतली, उताणी झाली. मग तिला आठवले की अशा रात्रीसाठी अर्धी गोळी घ्यावी, हेही वहीत तिनेच लिहिले आहे. तिने ती घेतली आणि स्वतःशी म्हणाली, ही लबाडी नाही, हा माझाच सल्ला आहे.

दुसऱ्या दिवशी दार बडवल्याचा आवाज आला तेव्हा खोलीत लख्ख ऊन होते.

"मेरेआना, साडेनऊ वाजलेत," बाहेरून फर्गस ओरडत होता. "रक्ताची वेळ गेली. मी दोनदा ठोठावलं. सकाळी सातलाही डोकावलो होतो, तुम्ही घोरत होता, म्हटलं चांगलं आहे, झोपू द्यावं, आणि मग विलिआमी म्हणाला अजून पाच मिनिटं..."

"किती तास झाले?"

"साडेदहा."

"लिहून घे," ती म्हणाली आणि मोजे शोधू लागली.

पलीकडच्या खोल्यांमधून धावपळ ऐकू येत होती. डेसमंड खोकी गाडीत कोंबत होता. विलिआमीने दारातच तिच्या हातात भाकरी दिली. रुइहाने फोनवर चार शब्द सुनावले, मग रक्त कचेरीनंतर अकराला द्यायचे ठरले. गाडीत फर्गस सगळ्या सिग्नलांना शिव्या देत होता आणि मेरेआना शेजारी बसून जांभया देत होती.

दहाला दोन मिनिटे कमी असताना ते कचेरीच्या खिडकीशी उभे राहिले. मेरेआनाच्या एका गालावर उशीच्या शिवणीचा वळ उमटला होता आणि स्वेटर उलटा होता. खिडकीमागच्या बाईने कागद पुढे सरकवला, सही कुठे करायची ते दाखवले आणि सहज विचारले, "काय, खूश आहात ना?"

मेरेआनाचा हात सहीवर थांबला. तिने वळून फर्गसकडे पाहिले. फर्गसने पाटी काखेत घट्ट दाबून धरली होती आणि तो भिंतीवरचे पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक अगदी मन लावून वाचत होता.

"हो," ती म्हणाली. "फार."

आणि ती कचेरीतच हसली, मोठ्याने, फडके नाही, बाही नाही. रांगेतला म्हातारा तिच्याकडे बघून उगाचच हसू लागला. फर्गसने वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

"किल्ल्या दोन मिळतात का?" तिने विचारले. "एक लेकीकडे राहू दे म्हणते."

"मिळतात. पण त्याचा वेगळा अर्ज आहे."

"द्या," मेरेआना म्हणाली, आणि पेन घट्ट धरून पहिली ओळ भरू लागली.